नखं मोजणारे

वऱ्हाडातल्या अनसिंगला घरामागे परस असलेली घरं अजून आहेत. सांडपाण्यावर वाढलेली केळ, एखादा कढीपत्ता, सावली. तिथं कासव पाळून संध्याकाळ घालवावी असं कुणालाही वाटेल. कासव भुंकत नाही, सोयाबीनचा भाव विचारत नाही, पाहुण्यांसमोर मान आत घेतं.

अडचण कायद्याची. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपलं तारांकित कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला बसलंय. शिक्षा तीन ते सात वर्षं तुरुंगाची. निवांत बसायची हौस तिथंही फिटेल, फक्त कासवाविना.

अर्थात, आपल्याकडे कासवासोबतचा बराचसा वेळ त्याची नखं मोजण्यात जातो. वीस नखांचं कासव मिळालं की पैशांचा पाऊस पडतो म्हणे! वऱ्हाडात खऱ्या पावसाचाच भरवसा नाही, तेव्हा हा सोपा वाटत असावा. तारांकित कासवाला पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार नखं. हिशेब अठरावरच अडतो. तरी शोध चालूच. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. त्यालाही कासवाच्या चालीनं का होईना, गावोगाव पोचू द्या.

ज्यांना तुरुंग नको, त्यांच्यासाठी कासवाची अंगठी आहे. खायला घालायची कटकट नाही. कासवाचं तोंड आपल्याकडे ठेवायचं, लक्ष्मी घरात येते. सोनार छातीठोकपणे सांगतो. त्याच्या घरात तर ती रोजच येते.