पाच मिनिटांचं काम

आमच्या गाडीच्या स्पीडोमीटरचा काटा एके दिवशी शून्यावर जाऊन बसला आणि उठेना. पहिले दोन आठवडे मला बरंच वाटलं. लोणावळ्याला जाऊन आलो, तरी गाडीच्या लेखी ती पार्किंगमधून हललेलीच नव्हती. एक किलोमीटर वाढला नाही. वय थांबवायची अशी सोय मालकाला मिळाली असती, तर मी दुरुस्तीचं नावही काढलं नसतं.

पण बायको शेजारच्या सीटवर मोबाइल धरून वेग मोजायला लागली. मोजायला हरकत नव्हती. ती तो मोठ्याने सांगायची.

गॅरेजवाला म्हणाला, "गिअरबॉक्सचा स्पीड सेन्सर गेलाय. पाच मिनिटांचं काम. गाडी दिवसभर ठेवून जा." हे वाक्य नीट ऐकायला हवं होतं. मला त्यातली पाच मिनिटंच ऐकू आली. नाना पेठेतून सेन्सर आणला आणि रविवारी सकाळी, चहा निवायच्या आत आटपू अशा बेताने, बोनेट उघडलं.

सेन्सर अंगठ्याएवढा. गिअरबॉक्समध्ये फिरणाऱ्या चाकाचे दाते समोरून गेले की हा विजेचे ठोके पाठवतो. ठोके मोजून काटा हलतो. एडविन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याला १८७९ साली दिसलेला चुंबकाचा गुण त्यात वापरतात. हॉलसाहेबांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी सोन्याचा वर्ख काचेच्या पट्टीवर लावून प्रयोग केला होता. समोर, उजेडात, काचेच्या पट्टीवर मलाही जमलं असतं.

आमचा सेन्सर मात्र बॅटरीखाली, बॅटरीच्या ट्रेखाली, एअर फिल्टरच्या डब्यामागे आणि वायरिंगच्या जुडग्याआड आहे. हे सगळं काढल्यावर तो दिसतो, किंवा हाताला लागतो. दोन्ही एकदम नाही. डोकं आत घातलं की हाताला जागा उरत नाही, आणि हात घातला की दिसतं ते आपलंच कोपर. शेवटी मी डोळे मिटून काम केलं. फरक पडला नाही.

आधी कपलर. त्याची जीभ दाबून धरायची आणि त्याच हाताने ओढायचं. चौदा वर्षं इंजिनाच्या उष्णतेत भाजलेलं प्लास्टिक. जीभ दबली नाही, टक्कन तुटली. (ती आता केबल टायने बांधली आहे. बरी दिसते.) मग एकच बोल्ट, दहाच्या पान्याचा. पाना लागायचा, पण फिरायला जागा इतकीच, की घड्याळाच्या काट्याने बारावरून एकवर यावं. मग काढा, पुन्हा लावा, पुन्हा बारा ते एक. बोल्ट निघाला म्हणजे सेन्सर निघाला, हाही माझाच गैरसमज. ओ-रिंगने तो जन्माचा धरला होता. अर्धा तास डावीउजवीकडे हलवल्यावर सुटला आणि गिअर ऑइलचा ओघळ थेट बाहीत गेला.

एव्हाना दुसऱ्या मजल्यावरचे काका आले होते. "आमच्या पद्मिनीला केबल असायची," ते म्हणाले. "तुटली की नवी घालायची. सेन्सर वगैरे काही भानगड नाही." मग ते गाडीला टेकून उभे राहिले.

तेव्हा लक्षात आलं, की जागा चुकीची नाहीच. कारखान्यात गिअरबॉक्स बाहेर टेबलावर असतो, चारी बाजूंनी मोकळा. सेन्सर तिथेच बसतो, बोल्ट खरंच पाच मिनिटांत आवळला जातो, आणि मग बाकीची गाडी त्याच्या अंगावर रचतात. जोडणाऱ्याच्या दृष्टीने याहून सोयीची जागा नाही. मी उलट्या बाजूने आलो, इतकंच.

नवा सेन्सर बसायला वेळ लागला नाही. त्यावर रचलेलं सगळं परत चढवेपर्यंत दुपारचे तीन वाजले. गाडीचं घड्याळ एक दाखवत होतं, कारण बॅटरी काढली की ते आपला दिवस पहिल्यापासून सुरू करतं.

संध्याकाळी चक्कर मारायला निघालो. काटा उठला, थरथरला, साठावर स्थिर झाला. मी काही बोललो नाही. कौतुक समोरून व्हावं अशी अपेक्षा होती. बायकोने काट्याकडे पाहिलं, मग मोबाइलकडे. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये म्हणून कारखान्यातच थोडा जास्त दाखवणारा ठेवतात, हे मी तिला सांगणारच होतो.

"मोबाइल छप्पन्न म्हणतोय," ती म्हणाली. "नीट बसलेला दिसत नाही. पुढच्या रविवारी परत काढून बघ."