सूर्याला लांब पाठवणाऱ्यास खुलं पत्र

मु. भीमपूर, जि. आदिलाबाद

महाशय,

तुमचं नाव आम्हाला माहीत नाही. तुमचा मेसेज मात्र आमच्याकडे फोनाफोनांत आहे. पृथ्वी सूर्यापासून लांब चालली, उद्या पहाटे ५ वाजून २७ मिनिटांनी ‘अफेलियन’ लागणार, २२ ऑगस्टपर्यंत नेहमीपेक्षा जास्त थंडी पडणार, अंग दुखेल, घसा धरेल, ताप-खोकला येईल, म्हणून प्रतिकारशक्तीच्या गोळ्या घ्या आणि हे सगळ्यांना पाठवा. कधी तो जानेवारीत येतो, कधी पेरण्या आटोपल्यावर. वर्ष कुठलंही असो, पृथ्वी निघते ती ५ वाजून २७ मिनिटांनीच. पंचांगात ग्रहणाची वेळसुद्धा दर खेपेला वेगळी असते. ही एवढी एकच वेळ तुम्ही कुठल्या खुंटीला बांधून ठेवलीत?

आधी तुमचे आकडे बघू. तुमच्या हिशेबानं सूर्य एरवी ९ कोटी किलोमीटरवर असतो, म्हणजे प्रकाशाच्या ५ मिनिटांवर. अफेलियनला तो १५ कोटी २० लाखांवर जातो, म्हणून अंतर ६६ टक्के वाढतं. यातला १५ कोटी २० लाखांचा आकडा खरा आहे. ९ कोटी कुठून आणलेत? बुध सूर्यापासून सरासरी ५ कोटी ८० लाख किलोमीटरवर फिरतो, शुक्र १० कोटी ८० लाखांवर. म्हणजे तुम्ही आमची पृथ्वी उचलून शुक्राच्याही आत नेऊन ठेवलीत. तिथं पावणेतीन पट ऊन पडलं असतं. समुद्र आटून गेले असते, आमच्या पैनगंगा नदीचं तर विचारूच नका. ती नेली कधी आणि परत आणली कधी, तेवढं कळवा.

खरं अंतर सरासरी १४ कोटी ९६ लाख किलोमीटर आहे. प्रकाशाला ते कापायला ८ मिनिटं २० सेकंदांच्या आसपास लागतात. पृथ्वीची कक्षा किंचित लंबगोल आहे, म्हणून जानेवारीच्या सुरुवातीला आपण १४ कोटी ७१ लाखांवर असतो आणि जुलैच्या सुरुवातीला १५ कोटी २१ लाखांवर. हेच ते अफेलियन. फरक ५० लाखांचा, म्हणजे शेकडा तीनच्या थोडा वर. उन्हाची ताकद त्यानं सुमारे ७ टक्क्यांनी कमी-जास्त होते. हे दर वर्षी होतं, माणूस जन्माला यायच्या आधीपासून होत आलंय.

आणि हे भीमपूरला सांगता? तेलंगणातल्या सगळ्यात कमी तापमानाच्या बातम्यांत आमच्याच मंडलातल्या अर्ली (टी) गावाचं नाव पुन्हा पुन्हा येतं. ती थंडी असते डिसेंबर-जानेवारीतली. पहाटे नदीकडून धुई येते, पऱ्हाटीच्या काड्यांची शेकोटी पेटते, वेचणीला निघालेल्या बाया हात शेकल्याशिवाय शेतात उतरत नाहीत. सूर्य वर्षातला सगळ्यात जवळ असतो तो याच दिवसांत! लांब गेल्यानं थंडी पडते हा तुमचा सिद्धांत आमच्या अंगणात दर जानेवारीला खोटा ठरतो.

थंडी आणि ऊन ठरतं ते पृथ्वीच्या आसाच्या साडेतेवीस अंशांच्या कलण्यानं. २२ डिसेंबरच्या सुमारास आमच्याकडे भर दुपारीही सूर्य क्षितिजावर ४७ अंशांपर्यंतच चढतो, दिवस जेमतेम अकरा तासांचा. तिरपं ऊन जास्त जमिनीवर पसरतं, विरळ होतं. मे महिन्याच्या २० तारखेच्या आसपास तोच सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशी गोळा होते. असं वर्षातून दोनदा होतं. दुसरी खेप जुलैच्या २३-२४ तारखेच्या सुमारास येते. म्हणजे तुम्ही ज्या दिवसांत सूर्य लांब गेल्यानं लोकांना गारठवता, नेमका तेव्हाच तो आमच्या माथ्यावर असतो. त्या दिवसांत ढगांनी आणि पावसानं गारवा येतो, त्याचं श्रेय मोसमी वाऱ्यांचं आहे.

तुम्ही ज्याला मेसेजच्या एका ओळीत इकडून तिकडे ढकलता, तो काय आहे याची कल्पना आहे का? सूर्याचा व्यास १३ लाख ९० हजार किलोमीटर, एका रांगेत १०९ पृथ्व्या बसतील एवढा. सूर्यमालेतलं ९९.८ टक्के वस्तुमान त्याच्या एकट्याकडे आहे. मध्ये गाभा, केंद्रापासून त्रिज्येच्या पावभागापर्यंतचा. तिथं तापमान दीड कोटी अंश, आणि दाब एवढा की एक लिटरच्या भांड्यात तिथला वायू भरला तर दीडशे किलो भरेल. इथं हायड्रोजनची चार अणुकेंद्रं टप्प्याटप्प्यानं जुळून हेलियमचं एक बनतं आणि हजार किलोंमागे सात किलो वस्तुमानाची ऊर्जा होते. सेकंदाला ६० कोटी टन हायड्रोजन या कामी लागतो, त्यातलं ४२ लाख टन वस्तुमान ऊर्जा होऊन जातं. तुमचा मेसेज वाचायला लागतो तेवढ्या वेळात किती झालं, गुणाकार करा.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. हा गाभा स्फोटासारखा पेटलेला नाही. त्याच्या एका घनमीटरमधून जेमतेम पावणेतीनशे वॅट ऊर्जा निघते, कुजत्या शेणखताच्या उकिरड्याची ऊब असते साधारण तेवढीच. ही प्रक्रिया इतकी संथ आहे म्हणून सूर्य ४६० कोटी वर्षं टिकला, आणि अजून सुमारे ५०० कोटी वर्षांचा साठा त्याच्याकडे आहे. तो कोळशाचा असता तर काही हजार वर्षांतच राख झाला असता. हे कोडं कितीतरी वर्षं शास्त्रज्ञांना सुटत नव्हतं. १९२० मध्ये एडिंग्टन यांनी हायड्रोजनपासून हेलियमचा मार्ग सुचवला, १९३९ मध्ये हान्स बेथे यांनी त्याच्या पायऱ्या मांडल्या.

गाभ्यात जन्मलेली ऊर्जा लगेच बाहेर येत नाही. वरच्या थरात, त्रिज्येच्या ७० टक्क्यांपर्यंत, प्रकाशकण कणाकणाला धडकत, शोषला जात, पुन्हा फेकला जात, दिशा बदलत राहतो. एवढं अंतर चढायला त्या ऊर्जेला हजारो वर्षं लागतात. काही हिशेबांनी लाखाच्याही वर. त्याच्या पुढचा ३० टक्क्यांचा थर खदखदतो: तापलेला वायू वर येतो, निवून खाली जातो. हजार-हजार किलोमीटर रुंदीचे हे दाणे पृष्ठभागावर दुर्बिणीतून दिसतात आणि दहा-वीस मिनिटांत मोडून नवे होतात. पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा. त्याच्याबाहेर प्रभामंडल, ते मात्र दहा-वीस लाख अंशांचं. आगीपासून दूर जावं आणि भाजणं वाढावं, असा हा प्रकार आहे आणि त्याचं पूर्ण उत्तर अजून शास्त्रज्ञ शोधतायत. कापसाच्या बोंडावर आज पडलेलं ऊन एवढ्या प्रवासातून आलंय. तुम्ही त्याचा शेवटचा ८ मिनिटांचा टप्पा घेतलात आणि तोही ५ मिनिटांचा केलात.

हे सगळंच ज्ञान काही परक्या मुलखात तयार होऊन आपल्याकडे आलेलं नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची सावली कोकणातल्या विजयदुर्गावरून दख्खन ओलांडून गुंटूरकडे गेली. गुंटूरला फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जान्सेन प्रकाश रंगांत फोडून बघणारा वर्णपटमापी लावून बसले होते. त्या ग्रहणात सूर्याच्या ज्वाळांच्या वर्णपटात दिसलेली पिवळी रेघ ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याची निघाली नाही. त्या अनोळखी द्रव्याला पुढे हेलियम नाव पडलं, आणि पृथ्वीवर ते १८९५ मध्ये हाती लागलं. तारे कशाचे बनलेत हे वर्णपटावरून वाचायचं सूत्र मेघनाद साहांनी १९२० मध्ये दिलं. २ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून आदित्य-एल१ हे सूर्याकडे बघणारं आपलं यान निघालं, ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोचलं. त्यावरची सूट ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकाची, जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या संस्थेची. सूर्याकडे असं चोवीस तास बघणारी माणसं मराठी मुलखात बसलेली असताना, आमच्या माणसांनी सूर्याची खबर तुमच्याकडून का घ्यावी?

माझा राग अंतराच्या आकड्यापुरता असता तर हे पत्र लिहिलं नसतं. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीला ताप भरला. हुडहुडी भरून चढायचा, घामानं अंथरूण भिजवून उतरायचा, मध्ये बरी दिसायची, की पुन्हा तेच. दवाखान्यात न्या म्हटलं तर मुलानं फोन पुढे केला. सूर्य लांब गेलाय, सगळ्यांनाच होतंय, २२ तारखेनंतर उतरेल. फोनवर तुमचाच मजकूर होता. शेवटी आशा वर्कर घरी आली, तिनं बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर टाकला. थोड्या वेळात पट्टीवर दुसरी रेघ उमटली. मलेरिया! म्हातारी औषधानं सावरली, पण उठून बसायला तिला पुष्कळ दिवस लागले. तिच्या अंगातला परजीवी डासाच्या चाव्यातून आला होता, आणि तो डास मागच्या अंगणातल्या फुटक्या टाकीत साचलेल्या पाण्यात वाढला असणार. ती टाकी कुणी उपडी केली नाही, कारण दोष सूर्यावर टाकून झाला होता.

तिला झालेल्या त्रासात तुमचा वाटा आहे. तुम्ही गंमत म्हणून लिहिलंत, गोळ्या खपवायला लिहिलंत की खरंच तसं वाटलं म्हणून लिहिलंत, यानं तिच्या तापात काही फरक पडला नाही. आणि ज्यांनी न वाचता पुढे ढकललं, त्या आमच्याच शिकल्यासवरल्या पोरांनाही मी यातून सोडत नाही.

तुम्ही एक करा. ज्या ज्या ग्रुपवर तो मेसेज टाकलात, तिथं जाऊन दुसरा टाका. मजकूर मी देतो: ‘अफेलियनमुळे ताप येतो हा मेसेज खोटा होता. तो मी पाठवला होता. घरात कुणाला ताप असेल तर आजच रक्त तपासून घ्या.’

भीमपूरचा एक शेतकरी