उष्ट्या पाइपांचे धनी

पाइप ओढणारा आणि पाइप बाळगणारा या दोन वेगळ्या जाती आहेत. पहिली जवळजवळ नामशेष झाली. दुसरी पार्ल्यात तिसऱ्या मजल्यावर राहते, मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाली आहे आणि सोसायटीत तिला 'चीफसाहेब' म्हणतात.

चीफसाहेबांना पाइपची किंमत विचारू नये. ते चष्मा काढतात, आणि त्यांचा चष्मा निघाला की चहा दोनदा होतो. गोष्ट सुरू होते भूमध्य समुद्राच्या काठावर. कॅलाब्रियात, कोर्सिकात, अल्जीरियात ब्रायरचं झुडूप उगवतं. खोड आणि मुळं जिथे मिळतात तिथे त्याला लाकडाची गाठ धरते. पाइपजोगी व्हायला तिला काही दशकं लागतात. मग ती खणायची, कापायची, तासन्‌तास उकळून तिचा तुरटपणा काढायचा आणि महिनोन्‌महिने वाळवायची. फ्रान्समधल्या सां-क्लोदच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हे लाकूड हाती घेतलं आणि मातीच्या पाइपांचे दिवस भरले. ब्रायर निखारा सोसतं, पण स्वतः सहसा जळत नाही. ''आणि एवढं करून कोरताना आत खडा लागला, खळी निघाली, की सगळं मुसळ केरात!'' इथे चीफसाहेबांचा आवाज खरोखर कापरा होतो. इतकी उस्तवार गुडघ्यांची केली असती तर लिफ्ट बंद पडल्यावर एवढा आरडाओरडा झाला नसता, असं वहिनींचं मत आहे.

पाइप हातात आला की आधी व्हर्नियर कॅलिपरने बाऊलच्या भिंतीची जाडी मोजली जाते. मग दांडीतून पाइप क्लीनर जातो. तो न अडखळता बाऊलच्या अगदी तळाशी, मधोमध निघाला तर मान हलते. भोक जरा वर पडलं असेल तर तळाची तंबाखू ओली राहणार आणि पाइप गुरगुरणार. शेवटी टॉर्च. लाकडातल्या खळ्या लांबी भरून बुजवायच्या आणि वर गडद रंग फासायचा, ही स्वस्त कारखान्यांची जुनी खोड. तसा डाग दिसला की चीफसाहेब पाइप दोन बोटांत धरून परत देतात. उलट रेषा उभ्या, सरळ, एकही न तुटलेल्या असतील तर त्याच आकाराच्या पाइपची किंमत कितीतरी पट. त्याने धूर जास्त चांगला लागतो का, असं मी एकदा विचारलं.

''पैठणीच्या पदराने ऊब जास्त लागते का?'' चीफसाहेब म्हणाले. स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज आला. पैठणीचा विषय त्या घरात जुना असावा.

नवे पाइप त्यांना परवडत नाहीत. संग्रहातले बहुतेक जुने, बंदरोबंदरी उचललेले, म्हणजे कुणा दिवंगत गोऱ्याचे. ''उष्टे!'' वहिनी म्हणतात, आणि शास्त्राप्रमाणे त्या बरोबर आहेत; दांडीवर मालकाचे दातसुद्धा उमटलेले असतात. शुद्धीकरणासाठी बाऊलमध्ये मीठ भरून त्यावर अल्कोहोल ओततात आणि रात्रभर तसंच ठेवतात. सकाळी मीठ काळं, पाइप सोवळा आणि वहिनींची बरणी रिकामी.

कॉनन डॉयलने आयुष्यात एकच कामाची गोष्ट लिहिली, असं चीफसाहेब मानतात. 'द यलो फेस'मध्ये होम्सच्या हाती कुणाचा तरी विसरलेला ब्रायर येतो. मूळ किंमत साडेसात शिलिंग, पण दोनदा चांदीच्या पट्ट्या मारून सांधलेला, आणि एकेका सांधणीला पाइपपेक्षा जास्त खर्च आलेला. मालकाचा त्यावर किती जीव आहे ते होम्स तेवढ्यावरून सांगतो. होम्सचा मुख्य तर्क त्या गोष्टीत साफ चुकतो, हा भाग चीफसाहेब गाळतात.

ओढणं मात्र डॉक्टरांनी केव्हाच बंद केलं. त्याने काहीच बिघडलं नाही. ओढायचे तेव्हाही तंबाखूपेक्षा काड्याच जास्त जळत.

गेल्या दिवाळीत तळमजल्यावरचे एक गृहस्थ आजोबांचा पाइप दाखवायला आले. आजोबा बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतले, ते हा घेऊनच. दांडीच्या वरच्या अंगाला एक बारीक पांढरा ठिपका होता. लंडनच्या डनहिलने दांडीची वरची बाजू कळावी म्हणून दिलेली ही खूण. पुढे तिच्याच नावाने माल विकला जाऊ लागला. हे मला चीफसाहेबांनीच अनेकदा ऐकवलेलं. त्या दिवशी त्यांनी ठिपका पाहिला आणि त्यावर अलगद अंगठा ठेवला. कॅलाब्रिया नाही, कॅलिपर नाही, टॉर्चसुद्धा नाही.

''दांडी हिरवट पडलीय,'' ते म्हणाले. ''काठ जळलाय. दातांचे व्रण आहेत. काही राम नाही हो यात.''

गृहस्थ हिरमुसले आणि त्यांनी हात पुढे केला.

''असं करा, राहू द्या इथेच. तुमच्याकडे उगाच अडगळ कशाला?''

''अहो,'' आतून वहिनींचा आवाज आला, ''मीठ खडं काढू की बारीक?''