निरंक अहवालावर सही करणाऱ्या साहेबांस

प्रति,
मा. साहेब,
हाताने मैला साफ करणाऱ्यांची माहिती दरवेळी ‘निरंक’ कळवणारे,
जिल्हा : कोणताही.

विषय : देशात समता आणल्याबद्दल आपले अभिनंदन.
संदर्भ : भारताचे संविधान, अनुच्छेद 17.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवते की, जे घटना समितीला जमले नाही, संसदेला दोन-दोन कायदे करून जमले नाही आणि सर्वोच्च न्यायालयाला निकालामागून निकाल देऊन जमले नाही, ते आपण एका सहीत उरकलेत. रकाना होता ‘हाताने मैला साफ करणाऱ्या व्यक्तींची संख्या’. आपण लिहिलेत ‘निरंक’. खाली गोल शिक्का. झाली समता प्रस्थापित!

29 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर केले, तेव्हा सभागृहात गांधीजींचा जयजयकार झाला होता. बाबासाहेब मात्र वर्षभराने, 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात, फारच निरुत्साही बोलले. येत्या 26 जानेवारीपासून आपण विसंगतीने भरलेल्या आयुष्यात पाऊल टाकत आहोत, राजकारणात समता असेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमताच राहील, असा त्यांचा इशारा होता. ही विसंगती मिटवायची तर समाज बदलावा लागेल, असे त्या भल्या माणसाला वाटत होते. तक्ता बदलूनही भागते, हे त्यांना सांगायला तेव्हा आपण नव्हतात.

त्यानंतर 1993 मध्ये हाताने मैला साफ करण्याविरुद्ध पहिला कायदा झाला. तो पुरेना म्हणून 2013 मध्ये दुसरा झाला आणि तो लागू झाला 6 डिसेंबरला, म्हणजे नेमका महापरिनिर्वाण दिनी. अभिवादन करावे तर असे! या दुसऱ्या कायद्याने गटारे आणि सेप्टिक टँकही कक्षेत घेतले. पण त्याच्या व्याख्येत एक सोय आहे. ठरवून दिलेली सुरक्षा साधने देऊन माणसाला उतरवले, तर तो ‘हाताने मैला साफ करणारा’ ठरत नाही. आपण त्या सोयीचे सोने केलेत. साधने कागदावर दिली, माणूस चेंबरमध्ये उतरवला आणि रकाना कोरा ठेवला.

आपल्या लेखणीची झेप दिल्लीपर्यंत गेली. जुलै 2021 मध्ये राज्यसभेत केंद्र सरकारने सांगितले की, हाताने मैला साफ करताना एकाही मृत्यूची नोंद नाही. मग गटारात गुदमरून जातात ते कोण? ते ‘गटारांच्या आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईत’ मरतात. तो तक्ता निराळा. चेंबर तोच, विषारी वायू तोच, मागे राहिलेली बायको-पोरे तीच. माणूस फक्त चुकीच्या रकान्यात मेला.

तरीही साहेब, आपल्या कारभारात थोडी गळती आहे. 2013 आणि 2018 च्या पाहण्यांमध्ये देशभरात हाताने मैला साफ करणारे 58 हजारांहून अधिक लोक सापडले. त्यांतल्या 43,797 जणांच्या जातीची माहिती सरकारने डिसेंबर 2021 मध्ये संसदेत दिली. त्यांत अनुसूचित जातींचे किती? 42,594. आता जातीचा इथे काय संबंध, असे आपण विचारालच. बरोबर आहे. रीतसर जाहिरात निघाली असणार, सर्व समाजांतून अर्ज आले असणार, तोंडी परीक्षा झाली असणार आणि निव्वळ गुणवत्तेवर शंभरातले सत्त्याण्णव जण एकाच बाजूचे निवडले गेले असणार. एरवी गुणवत्तेच्या नावाने गळा काढणारे कोणी या भरतीविरुद्ध न्यायालयात गेल्याचे ऐकिवात नाही.

आपल्या महाराष्ट्रात तर लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी मिळते. ठेकेदारीच्या दिवसांत कायम पगाराची ही एवढीच वाट उरली, म्हणून कामगार ती जिवापाड जपतात, आणि त्यांचे चूक नाही. पण ज्या राज्यात झाडूचा वारसा बिनचूक बापाकडून लेकाकडे जातो, तिथे खुर्चीचा वारसाही तितकाच बिनचूक आपल्या लेकाकडे जातो, याची नोंद कोणत्या तक्त्यात करायची ते कळवावे.

कामाची पद्धतही आपणांस ठाऊक असेलच. टँक तुंबतो. ठेकेदार उपठेकेदाराला फोन करतो, तो नाक्यावरून माणसे उचलतो. पहिला उतरतो. हायड्रोजन सल्फाइड थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो; फार झाला की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. म्हणून या बातम्यांत मेलेले बहुधा दोघे-तिघे असतात. पोलिसांत ‘अकस्मात मृत्यू’ लिहिला जातो. वर्षानुवर्षे त्याच प्रकारे येणारा हा अकस्मात!

डिसेंबर 2019 मध्ये गोवंडीच्या एका सोसायटीत असेच तिघे गेले. त्यांच्या विधवांना भरपाईसाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि सप्टेंबर 2021 मध्ये न्यायालयाने प्रत्येकी 10 लाख रुपये देण्याचा आदेश दिला. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम 2014 मध्येच ठरवून दिली होती. 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने ती 30 लाखांवर नेली. मरणाचा दर तिप्पट झाला; जगण्याचा दर अजून उपठेकेदारच ठरवतो.

तेव्हा साहेब, अभिनंदनासोबत एक विनंती. पुढचा अहवाल पाठवण्याआधी एक सकाळ चेंबरपाशी उभे राहा. कोण उतरतो, कोणाच्या सांगण्यावरून उतरतो, अंगावर काय घालून उतरतो, ते लिहा. त्याला नाव विचारा. मेला तर ‘अकस्मात’ लिहू देऊ नका. ज्याने उतरवले त्याच्यावर 2013 च्या कायद्याखाली गुन्हा नोंदवायला लावा. संविधानाने माणसाला समतेचा हक्क दिला. आपण तो माणूसच तक्त्यातून उडवलात, म्हणजे हक्काचा प्रश्नच मिटला. ज्याची मोजणी होत नाही, त्याचे पुनर्वसन होत नाही, आणि ज्याने त्याला खड्ड्यात उतरवले त्याला शिक्षाही होत नाही. त्या सहीचा खरा अर्थ एवढाच आहे.

आपली विश्वासू,
एक करदाती

प्रत माहिती व तातडीच्या कार्यवाहीसाठी : सर्व सोसायट्यांचे सेक्रेटरी आणि सभासद. ‘सक्शनची गाडी महाग पडते, एखादा माणूस बघा’ हे वाक्य आपल्याच मीटिंगमध्ये उच्चारले जाते. पुढच्या वेळी ते कोणी उच्चारले, तर गाडीचे पैसे भरा आणि माणसाला उतरवू नका.