करंट की पेट्रोल?

पद्मिनीवाले काका गाडी सपाट जागी कधीच उभी करत नाहीत. लग्नाला निघाले तर कार्यालयाआधी उतार शोधतात, मग आहेर सांभाळत काकूंना अर्धा किलोमीटर चालावं लागलं तरी चालेल. गाडीचं तोंड उताराकडे, चाकापुढे वीट. परतताना सेल्फने दगा दिला तर वीट काढायची, गाडी घरंगळू द्यायची आणि दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. वीट काढण्याचं काम काकूंकडे. ती उचलून घेऊन चालत्या गाडीत बसण्याचंही.

असे काका पुण्यात आहेत, नाशकात आहेत, कोल्हापुरातही आहेत. सत्तरी उलटलेली, बँकेतून किंवा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. गाडी १०८९ सीसीची, गिअर स्टिअरिंगला. मूळची इटलीची फियाट, आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि १९७४ साली तिची ‘पद्मिनी’ झाली, हा इतिहास ते प्रत्येक नव्या प्रवाशाला सविस्तर सांगतात. वेळ भरपूर असतो, कारण गाडी तेव्हा उभी असते.

गाडी कायमची बंद पडली असती तर एकदाचा निकाल तरी लागला असता. ही घरापासून दहा-बारा किलोमीटर झोकात धावते आणि भर सिग्नलला दोन आचके देऊन गप्प होते. वीस मिनिटांनी पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही.

या वीस मिनिटांसाठी काका जगतात. बॉनेट वर जातं, बाह्या वर जातात आणि आद्य प्रश्न उभा राहतो : करंट की पेट्रोल? करंट पाहायचा तर कॉइलची वायर काढून बॉडीजवळ धरायची, काकूंनी चावी फिरवायची आणि ठिणगी निळी पडते की पिवळी ते बघायचं. काकूंनी चावी जरा लवकर फिरवली तर करंट असल्याचं काकांना ठिणगी न बघताही कळतं. मग डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढून पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, कंडेन्सरवर संशय घ्यायचा.

पेट्रोलची बाजूही भक्कम असते. पंप इंजिनालाच चिकटलेला. उन्हाळ्यात नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे ओलं फडकं. टाकीच्या झाकणाचं बारीक भोक बुजलं तर आत हवा जात नाही आणि पेट्रोल पुढे सरकत नाही, म्हणून झाकण उघडून ‘फुस्स’ होतं का तेही कान लावून ऐकायचं. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून काकांना नवा आरोपी मिळालाय. “गाडीला दारू पाजल्यावर ती रस्त्यात पडणारच!”

तोवर माणसं जमतात. रिक्षावाला लांबूनच “कचरा आलाय” म्हणतो. पानाच्या टपरीवरचे एक गृहस्थ बाहेर येऊन ढकलण्याची तयारी दाखवतात आणि तयारीच दाखवत राहतात. एखादा तरुण स्कॅनर कुठे जोडायचा ते विचारतो. पद्मिनीत संगणक म्हणून फक्त काकू असतात.

काकांची एक वहीही आहे. तारीख, ऊन, किती किलोमीटरवर बंद, काय केलं, काय झालं. फडकं ठेवलं – गुण. पॉइंट घासले – गुण. झाकण उघडलं – गुण. कारण तापलेलं इंजिन वीस मिनिटांत निवतं आणि त्या क्षणी ज्याचा हात बॉनेटमध्ये असेल, श्रेय त्याच्या पदरात पडतं. निदान करता करता पुरावाच थंड होऊन जातो. काकूंनी एकदा विचारलं, “आणि परवा काहीच केलं नाही, नुसता चहा प्यायलो, तेव्हा?” काकांनी विचार करून लिहिलं : चहा – गुण.

फिटरकडे नेली की गाडी तासभर तक्रार करत नाही. “साहेब, बंद पडेल तेव्हा आणा,” असं तो सांगतो. “बंद पडल्यावर आणू कशी?” यावर दोघेही थोडा वेळ गप्प असतात. पण फिटर हुशार आहे. एकदा त्याने कॉइलला हात लावून झटकन मागे घेतला आणि म्हणाला, ही तापली की आतली तार सुटते, निवली की जुळते. दुसरी टाकू, विषय संपेल. काकांनी नकार दिला. कॉइल मूळची आहे, कारखान्यातून आलेली! ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हापासून तर मूळ कॉइलवर त्यांची निष्ठा दुप्पट झाली आहे.

मध्यंतरी शेजाऱ्यांची नवी इलेक्ट्रिक गाडी सोसायटीच्या फाटकातच अडली. पडदा काळा, बटण मुकं, मागे हॉर्नचा गजर. काका फडकं भिजवूनच आले. बॉनेट उघडलं तर आत नुसती प्लास्टिकची झाकणं. ना पंप, ना पॉइंट. करंटखेरीज दुसरा पक्षच नाही, म्हणजे वाद तरी कुणाशी घालायचा? काका क्षणभर बावरले. मग हात मागे बांधून म्हणाले, “सगळं बंद करा. दारं लावा. वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही.”

चहा झाला. शेजाऱ्यांनी बटण दाबलं आणि पडदा उजळला.

“काका, झालं तरी काय होतं हो?”

फडकं पिळत काका म्हणाले, “हल्ली कॉइल चांगल्या टाकत नाहीत.”