मोबाइल ठेव बाजूला

जोगेश्वरी पूर्वेला आमच्या चाळीत टीवायबीकॉमचा एक मुलगा आहे. दहा बाय बाराची खोली, माणसं पाच. महिनाभर त्याला झोप नाही, जेवणावर वासना नाही. पॅसेजमध्ये पंचायत बसली आणि एकमताने निदान झालं : मोबाइल! बरा सापडतो बिचारा, उलटून बोलत नाही.

पोरगा अभ्यास करतो जिन्यात. पहाटे नळ आला की भरलेले हंडे त्याच्या नोट्सवरून जातात. अकाउंट्सच्या वहीला बारमाही ओल. संध्याकाळी फीसाठी डिलिव्हरी. आणि घरात रोज एकच प्रश्न, "पुढे काय?" पण नाही. मोबाइलच.

हे निदान जुनंच. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने निकाल झटपट लावायला उत्तरपत्रिका संगणकावर तपासायची टूम काढली. गठ्ठा किती, तर सुमारे १७ लाखांचा. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही उलटली. ऑक्टोबरात कुलगुरूंना हटवलं. तोवर पोरं रात्री-अपरात्री संकेतस्थळ उघडून बसायची. घरचे तेव्हाही हेच म्हणत असणार, मोबाइल ठेव.

२०२२ साली देशात तेरा हजारांवर विद्यार्थ्यांनी जीव दिला, त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातले. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं : शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवाच. आमच्या चाळीतल्या पोराच्या कॉलेजने तातडीने पाटी रंगवली. 'समुपदेशन कक्ष'. आत गॅदरिंगचे पडदे आणि तीन पायांचं टेबल. चावी शिपायाकडे, शिपाई जेवायला. पोरगा तिथे गेला तर ऑफिसच्या खिडकीतून, रांगेतल्या पंधरा जणांच्या देखत प्रश्न आला, "काय होतंय? अर्जात कारण लिही." त्याने बोनाफाईड मागितलं आणि परत आला.

शेवटी कुणीतरी १४४१६ नंबर दिला. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. घरात पाच जणांत बोलणार काय? म्हणून परवा रात्री साडेअकराला तो जिन्यात बसला, तोंडावर हात धरून हळू आवाजात बोलत होता. बराच वेळ. मधेच रडलाही असावा.

वरच्या मजल्यावरून काका वाकून बघत होते. सकाळी पॅसेजमध्ये सांगत होते, "बघा, मी म्हटलं नव्हतं? रात्री बारापर्यंत फोनवर!"