स्टायपेंड आला का, ते विचारा

आमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी फिजिक्समध्ये पीएचडी करते. चौथं वर्ष चालू आहे. जिन्यात भेटली की प्रत्येक काकू तिला एकच विचारते, ‘अगं, संपली की नाही तुझी पीएचडी? पुढे काय मग?’ ती ‘चाललंय काकू’ म्हणते आणि गाडीला किक मारते. गेल्या आठवड्यात मीही तेच विचारलं. त्याच संध्याकाळी तिच्या आईने दिलेला डबा पोचवायला तिच्या प्रयोगशाळेत गेलो आणि माझा प्रश्न मलाच टोचला.

टेबलावर अगेट दगडाचा खल होता, आमटीच्या वाटीएवढा. त्यात दोन पांढरट भुकट्या, मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शापर्यंत तोललेल्या, वर थोडं ॲसिटोन. ती घोटत होती. तीन तास झाले होते. उजव्या मनगटाला क्रेप बँडेज. ही भुकटी प्रेसमध्ये दाबून तिची नाण्याएवढी चकती करायची, चकती हजार अंशांच्या वर चोवीस तास भट्टीत ठेवायची आणि मग तिचा एक्स-रे आलेख काढायचा. आलेखात हव्या त्या जागी शिखरं उठली की पदार्थ जमला. एखादं परकं शिखर डोकावलं की भेसळ राहिली, पुन्हा खल हातात. तिच्या आलेखात 28 अंशांजवळ असं एक बारीक शिखर होतं. ते घालवण्यासाठी ती पाचव्यांदा घोटत होती.

‘आणि मध्येच लाइट गेली तर?’

‘तर पहिल्यापासून, काका.’

मग मी विचारायला हवं होतं ते विचारलं. पैशांचं काय? शिष्यवृत्ती संपून वर्ष होऊन गेलंय. सकाळी बारावीच्या दोन ट्यूशन, रात्री एक, मधल्या वेळात विज्ञान.

हे एकट्या तिचं रडगाणं नाही, हिशेबच तसा आहे. नेट काढून जेआरएफ मिळवणाऱ्याला जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये ठरले आहेत, पुढे 42,000. तिथपर्यंत पोचणारे थोडे. बाकीच्यांसाठी आमच्या गुजरात सरकारने 2019 मध्ये ‘शोध’ योजना आणली. महिना 15,000 रुपये, वर्षाला 20,000 किरकोळ खर्चाचे, मुदत दोन वर्षं. म्हणजे एकूण चार लाख. योजना चांगलीच आहे. पण यूजीसीचा 2022 चा नियम सांगतो की पीएचडी तीन वर्षांच्या आत होऊ शकत नाही आणि सहा वर्षांपर्यंत चालू शकते. तीन वर्षांच्या आत डिग्री द्यायची नाही आणि दोन वर्षांत पैसे थांबवायचे, हे कुठलं गणित? तिसऱ्या वर्षी त्या मुलीने काय खावं, हे या दोन कागदांपैकी एकावरही लिहिलेलं नाही.

आमच्या बडोद्याला हे शोभत नाही. सयाजीराव महाराजांनी 1913 साली भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, तेव्हा महिना साडेअकरा पौंड आणि मुदत तीन वर्षं, असं आधी ठरवून पाठवलं. तो तरुण शिकून 1917 मध्ये नोकरीसाठी इथे परतला, तर या शहराने त्याला राहायला खोली दिली नाही. दरबाराने पैसा दिला आणि गावाने दार लावलं. त्या दाराची आठवण आपण ठेवलीच पाहिजे. शिकणाऱ्या माणसाचं पोट भरणं हे दरबाराचं काम असेल, त्याला नीट वागवणं हे तुमचं-माझं काम आहे.

आणि आपला वेंकी. व्यंकटरामन रामकृष्णन. तीन वर्षांचा असताना बडोद्यात आला, इथेच शाळा, 1971 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठातून फिजिक्सची बीएस्सी, आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी अमेरिका. 2009 साली नोबेल मिळालं तेव्हा सारं शहर अभिमानाने भरून आलं, आणि यावंच. पण मधली वर्षं कुणी सांगत नाही. ओहायो विद्यापीठात त्याने पीएचडी केली ती स्फटिकांच्या भौतिकशास्त्रात. 1976 मध्ये पदवी हातात पडली तेव्हा त्याला कळून चुकलं होतं की हा आपला विषय नव्हे. डॉक्टर झालेला माणूस सॅन दिएगोला जाऊन पुन्हा विद्यार्थी झाला आणि जीवशास्त्र अगदी मुळापासून शिकला. पुढे प्राध्यापकाच्या नोकरीसाठी सुमारे 50 विद्यापीठांना अर्ज केले, एकाही ठिकाणी जागा मिळाली नाही. ज्या रायबोसोमच्या रचनेसाठी नोबेल मिळालं, तिचं मोठं यश पदवीनंतर चोवीस वर्षांनी आलं.

हा मुलगा तेव्हा आमच्या जिन्यात भेटला असता तर काकूंनी काय विचारलं असतं? ‘फिजिक्स केलंस ना, मग आता हे काय नवीन? सेटल कधी होणार?’ दर पायरीवर त्याला नापास ठरवलं असतं. आज खल घोटणाऱ्यांपैकी कोण उद्या कुठला विषय उघडेल, हे त्यांच्या गाइडलाही ठाऊक नसतं. तेवढी वर्षं त्यांना तगवायचं, एवढंच आपल्या हातात आहे.

म्हणून माझं मागणं साधं आहे. प्रबंध सादर होईपर्यंत, जास्तीत जास्त सहा वर्षं, प्रत्येक पूर्णवेळ संशोधकाला स्टायपेंड मिळावा. आणि तो ठरलेल्या तारखेला मिळावा. सहा-सहा महिन्यांनी एकरकमी पडणाऱ्या पैशाने मेसचं बिल भरता येत नाही, मेसवाला थांबत नाही. देशभरातली मुलं याच कारणासाठी वर्षानुवर्षं निवेदनं देत फिरतात. स्टायपेंडमधली 2019 ची आणि त्याआधीची वाढसुद्धा रस्त्यावर उतरल्यावरच मिळाली. ही मुलं सवलत मागत नाहीत, त्यांनी केलेल्या कामाचे पैसे मागतात. विद्यापीठाच्या नावावर जे पेपर छापून येतात आणि ज्यांच्यावर विद्यापीठाची श्रेणी ठरते, ते रात्री भट्टीजवळ बसून याच मुलांनी लिहिलेले असतात.

काल संध्याकाळी ती पुन्हा जिन्यात भेटली. मी काही विचारायच्या आतच तिने मोबाइल पुढे केला. स्क्रीनवर आलेख, बोटाने ताणून मोठा केलेला. 28 अंशांजवळची रेघ सपाट होती.

‘गेलं, काका,’ ती म्हणाली. मग घड्याळ बघितलं आणि रात्रीच्या ट्यूशनला निघाली.